टोपलीतलं बाळ

ऊन फाटकाच्या वरच्या दांड्यापर्यंत उतरलं, तसा दिग्दर्शक खुर्चीतून उठला.

"हा शेवटचा. ऊन गेलं की आजचा दिवस गेला."

फळबागेच्या बंद फाटकासमोर कामाच्या शोधात गावोगाव फिरणारं कुटुंब उभं राहिलं. आजोबा, सासूबाई आणि सून. शूटिंग सुरू झाल्यापासून ही तिघं एकमेकांना याच नावांनी हाक मारत होती. जेवतानाही. दिग्दर्शकाचा तसा हुकूमच होता. सासूबाईंच्या कमरेवर कपड्यांची टोपली होती आणि टोपलीत, चादरीखाली, सुनेचं बाळ. म्हणजे चिंध्या भरलेली बाहुली. लेकुरवाळ्या बाईला बागेत काम देत नाहीत, म्हणून हे कुटुंब बाळ लपवून आत शिरतं, असा तो प्रसंग.

सुनेचं खरंखुरं बाळ पलीकडे तंबूत होतं, मेकअपवाल्या मावशींच्या मांडीवर. त्याला नुकताच तिसरा महिना लागला होता.

"झोपलंय ना?" दिग्दर्शकाने विचारलं.

"झोपलंय," सून म्हणाली.

"सकाळीही झोपलेलंच होतं. झोपेतून उठून त्याने माझे दोन शॉट खाल्ले. आता पुन्हा रडलं ना बाई, तर सून पुढच्या गावात तापाने जाते, असं लिहून टाकीन. दोन ओळींचं काम आहे."

"अहो, रांगेत आधी मी आहे," आजोबा म्हणाले. सिनेमातलं त्यांचं मरण गुरुवारी ठरलं होतं. "मध्येच कुणाला घुसवू नका."

सगळे हसले. सून हसली नाही. गालावर लावलेली माती तिने बोटाने सारखी केली.

"लिहायची वेळ येणार नाही," ती म्हणाली. "हे काम माझं आहे. शेवटपर्यंत मीच करणार."

सासूबाईंनी टोपली सावरता सावरता हळूच विचारलं, "पोटभर पाजलंस का?"

"एकीकडेच झालं. तेवढ्यात हाक आली."

"मग उठतंय ते," सासूबाई म्हणाल्या.

"कॅमेरा!"

फाटकाच्या आत मुकादम होता. आडव्या अंगाचा माणूस, जन्मभर दुष्टांचीच कामं केलेला. त्याने गजांतून तिघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"किती जण?"

"दोघी बायका. आणि हे." सासूबाईंनी आजोबांकडे मान वळवली.

"हे कसलं काम करणार? मूलबाळ?"

सासूबाईंनी टोपली आवळून धरली. "नाही."

आणि तंबूतून रडणं आलं. आधी नुसती कुरकुर, मग मोकळा गळा. भुकेचं रडणं. सुनेचे कपडे छातीशी ओले झाले.

थांबवायला दिग्दर्शकाचा हात वर गेला. पण तोंडाने 'कट' आल्याशिवाय कुणी थांबायचं नाही, हाही त्याचाच हुकूम. मुकादमाने मुकादम जे करील ते केलं.

"कोण रडतंय?"

हे वाक्य कुठेच लिहिलेलं नव्हतं. सासूबाईंनी टोपलीकडे पाहिलं. रडणं डावीकडे आणि टोपली उजवीकडे.

"मांजर असेल," आजोबा म्हणाले.

कॅमेऱ्यामागे कुणीतरी ओठ चावून हसू दाबलं. दिग्दर्शकाचा हात तसाच वर राहिला.

"मांजर नाही," सून म्हणाली. "माझं बाळ आहे."

ती वळली आणि तंबूकडे चालू लागली. धावली नाही. कॅमेरावाल्याने कुणी न सांगता कॅमेरा तिच्यामागे वळवला. मावशींनी बाळ तिच्या हातात दिलं. परत येता येताच तिने ते शालीखाली घेतलं, राहिलेल्या बाजूला लावलं. फाटकाशी येऊन उभी राहिली तेव्हा रडणं थांबलं होतं. सगळीकडे इतकं शांत झालं होतं की त्याचं चुटुचुटु पिणं ऐकू येत होतं.

"टोपलीत कपडे आहेत," ती म्हणाली. "बाळ हे आहे. भूक लागली की रडतं, पोट भरलं की झोपतं. फळं मी तोडणार आहे, त्याने नाही. उघडा."

मुकादमाने डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिग्दर्शकाकडे पाहिलं. तिकडून 'कट' आलं नाही. मग त्याने शालीबाहेर आलेल्या इवल्याशा पावलाकडे पाहिलं. पाऊल मजेत हलत होतं.

"मान धर त्याची," तो गुरकावला आणि कडी काढली.

आधी सून आत गेली. मागून आजोबा. सासूबाईंनी दोन पावलं टाकली, हातातल्या टोपलीकडे पाहिलं, आणि ती फाटकाबाहेरच खाली ठेवून त्याही आत गेल्या. दांड्यावरचं ऊन विझलं.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. हात खाली घ्यायचं त्याला जरा उशिराच सुचलं.

सून पिंपावर बसली. बाळाला खांद्यावर घेऊन ती पाठ थोपटत होती. त्याने एक मोठी ढेकर दिली, तसे आजोबा म्हणाले, "बघा, हा संवाद विसरला नाही."

"मग तापाचं काय करताय?" सुनेने विचारलं.

"कुणाला ताप?" दिग्दर्शक चष्मा पुसत म्हणाला. मग शूटिंगचं सामान सांभाळणाऱ्या प्रॉपर्टीवाल्याकडे वळला. "उद्यापासून टोपलीतलं ते नको रे."

प्रॉपर्टीवाला फाटकाबाहेर गेला. टोपलीवरची चादर त्याने बाजूला केली. बाहुली तोंड मिटून पडली होती. ओठ म्हणून घातलेला लाल दोऱ्याचा एकच टाका. त्याने तिला उचललं आणि, सगळे बघताहेत हे ध्यानात न येता, दुसरा हात तिच्या मानेखाली धरला.