सोबत जोडलेली सुई

अपघाताच्या खटल्याचं अपील करायचंय. अर्जात एक चौकोन आहे: ‘दुखापत गंभीर कशी, ते शंभर शब्दांत लिहा.’ वकीलबाई म्हणाल्या, “ताई, घडलं तेवढंच लिहा. रडगाणं नको, नवऱ्याचं कौतुकही नको.” पहिल्या खेपेला अडीचशे शब्द झाले. मग मी ह्यांनी शिवलेला लेकीचा पहिला फ्रॉक खोडला, ह्यांचं झोपेतलं कण्हणं खोडलं. बोटांवर मोजले. आता बरोबर शंभर भरलेत.

माझे पती शिंपी आहेत. मोटारीनं उडवल्यापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. दीड वर्ष रोज सकाळी ते सुईत दोरा ओवायला बसत. एकदाही जमलं नाही. कोर्टात समोरच्या वकिलांनी त्यांच्या हातात सुईदोरा ठेवला. “जरा ओवून दाखवा.” मी निर्धास्त होते. दोरा पहिल्याच फटक्यात आरपार गेला. केस, नुकसानभरपाई सगळं विसरून ते माझ्याकडे वळून ओरडले, “अगं, जमलं! जमलं बघ!” आमच्या वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. मी मात्र टाळ्या वाजवल्या. निकाल विरुद्ध गेला. घरी आल्या आल्या ते मशीनपाशी बसले, दुसरी सुई घेतली. अंधार पडेपर्यंत बसले. त्याला आता सात महिने झाले. पुन्हा एकदाही जमलेलं नाही. कोर्टातली सुई पुरावा म्हणून अर्जाला जोडली आहे. माझी एवढीच विनंती, तिच्यातला दोरा कुणी काढू नये.