जुन्या घराची जागा

ट्रक थांबला, आणि त्या शांततेत मागे बांधलेल्या किटलीचं झाकण खडखडलं. नोमिनने बाहीने खिडकीची काच पुसली.

"काच स्वच्छच आहे," तुमेन म्हणाला. "गोबी वाळवंटाच्या या कडेला आता असंच दिसतं."

"पाऊस लांबला असेल हो."

"पावसाला कशाला नावं ठेवतेस? मेंढ्या गवत वरवर खातात. शेळ्या मुळासकट उपटतात. आणि त्यांच्या महागड्या लोकरीपायी शेळ्या वाढवल्या कुणी, पावसानं?"

"एकटी मीच हपापले होते जणू! 'अजून शंभर घेऊ' कोण म्हणालं होतं?"

तुमेन हळूच म्हणाला, "मागून कळपाबरोबर येणारी करडं पुढच्या कुरणापर्यंत चालायची नाहीत, नोमिन. राहायचं तर इथंच."

आवाज चढले तशी मागच्या सीटवरची पाच वर्षांची एनेरेल टक लावून बघायला लागली होती. नोमिनने तिला खाली उतरवलं आणि दर उन्हाळ्यातलं तिचं आवडतं काम दिलं. घराच्या तंबूखाली दबलेल्या जागेवर गवत पुन्हा उगवू द्यायचं, म्हणून जुन्या जागेवर घर मांडायचं नाही, शेजारी मांडायचं.

"जा राणी, मागच्या वर्षीचं आपलं घर शोध बघू. जिथं गवत नसेल ना, तिथं होतं ते."

एनेरेल धावत सुटली. थांबली, पुन्हा धावली, टेकाडापलीकडे जाऊन आली. परतली तेव्हा तिला धाप लागली होती, पण डोळे चमकत होते.

"आई, आपलं घर एवढं मोठं होतं?"