हसरा चेहरा

पडद्यावरचा चेहरा अजून हसतच होता, तरी तिने बटण दाबलं.

घाई झाली, परत घाई झाली. काम तसं सोपं होतं. पडद्यावर एक हसरा चेहरा यायचा आणि हळूहळू बदलायचा. कुणी रडवेलं व्हायचं, कुणी घाबरायचं, कुणी रागवायचं, कुणी शेवटपर्यंत हसतच राहायचं. हसण्याखाली दुसरं काही दिसलं की बटण दाबायचं, की टेबलावरचा लाल दिवा लागायचा. पण तिच्या अंगठ्याला दम म्हणून नव्हता. कोपऱ्यात संगणकापाशी बसलेल्या संशोधक बाई मान वर करायच्या, दिव्याकडे बघायच्या, "चालू द्या," एवढंच म्हणायच्या. चूक की बरोबर, ते काही सांगायच्या नाहीत.

खोलीला खिडकी नव्हती. दाराबाहेरच्या बाकावर तिचा नवरा बसला होता आणि शिपायाला कसलासा किस्सा सांगत होता. शिपाई खो खो हसत होता. माणसं जोडावीत तर त्याने.

ही जागाही त्यानेच शोधून काढली होती. काही माणसं जन्मतःच हळवी असतात, आवाज, उजेड, दुसऱ्याचं दुःख, सगळंच त्यांना जास्त लागतं, त्यांच्यावर इथे संशोधन चाललं होतं. "आमची लाजाळू," तो चारचौघांत म्हणे, "नुसतं बघितलं तरी मिटते." लोक हसत. त्यांचं तरी काय चुकलं? इतका गोड माणूस, घरात कधी आवाज चढला नाही, आणि ही आपली सुतावरून स्वर्ग गाठते. ताकसुद्धा फुंकून पिते. हिचं तोंड दुधाने कधी पोळलं होतं, ते मात्र कुणी विचारलं नाही.

पाहुणे गेले की तो खिडक्या लावून घेई. तेव्हा तिची बोटं गार पडत. खिडक्या काय, सगळेच लावतात, असं ती स्वतःला समजावे.

फक्त थोरली बहीण हसत नसे. "पोरीला घे आणि निघून ये माझ्याकडे," ती फोनवर म्हणाली होती. "आधी कळू दे ताई, खोट माझ्यातच आहे का ते," हिने सांगितलं. "असली, तर गपचूप नांदेन. पुन्हा रडगाणं गाणार नाही."

म्हणूनच ती इथे आली होती. सकाळपासून बाईंनी तिच्या कानात बारीक बारीक आवाज सोडले होते, डोळ्यांवर झगझगीत दिवा धरला होता, मनगटावर खरखरीत कापड घासलं होतं. बाही कोपरापर्यंत सरकवायला तिने नको म्हटलं, तेव्हा बाईंनी आग्रह केला नाही. या सगळ्यात ती चारचौघींसारखीच निघाली, असं बाई मघाशी म्हणाल्या होत्या. म्हणजे हळवीसुद्धा नाही. मग उरलं काय? नाटकी, नाहीतर वेडी. आता बाई दार उघडून हेच त्याला सांगणार, तो समजूतदारपणे मान डोलावणार, आणि मग घर येणार. घराच्या विचाराने तिला खुर्चीतून उठवेना.

पडदा बंद झाला. बाई खुर्ची ओढून तिच्यासमोर येऊन बसल्या. बटण तिच्या हातातच राहिलं होतं. वायरीसकट ते तिने घट्ट धरलं होतं.

"मी चुकले ना, मॅडम?"

"नाही. रडवेला चेहरा तुम्हाला इतरांइतकाच उशिरा कळला. घाबरलेलाही. पण राग येणार असला, की तो तुम्हाला सगळ्यांच्या फार आधी दिसतो. एकही सुटला नाही आणि एकदाही उगाच दाबलं नाहीत." बाईंनी दाराकडे पाहून आवाज उतरवला. "ते बाहेर तुम्हाला लाजाळू म्हणत होते. लाजाळू वाऱ्याने मिटतं, थेंबाने मिटतं, कशानेही मिटतं. तुम्ही एकाच गोष्टीने मिटता. हे जन्माचं नसतं हो. हे शिकावं लागतं. कुणामुळे शिकलात?"

इतकी वर्षं आपण वेडे नाही असं कुणीतरी म्हणावं म्हणून ती झुरत होती, आणि म्हटल्यावर तिला जास्तच भीती वाटली. "आमच्याकडे कुणी रागवत नाही," ती घाईघाईने म्हणाली. "हे तर कायम हसतमुख असतात. कुणालाही विचारा."

दारावर टकटक झाली. नवऱ्याने आत डोकावलं.

"झालं का मॅडम? काय निघालं आमच्या लाजाळूचं?"

"थोडं बाकी आहे," बाई म्हणाल्या. "बसा तुम्ही बाहेर."

"बसतो की. घाई कुणाला आहे?" त्याने बायकोकडे पाहिलं. "आपल्याला काय, घरीच तर जायचंय."

तो हसला. छान, मोकळं हसला. बाईंनी त्याचा चेहरा नीट न्याहाळला. हसण्याखेरीज त्यांना त्यात काही दिसलं नाही.

पडदा केव्हाच बंद झाला होता, तरी टेबलावरचा लाल दिवा लागला.