छाटीच्या विड्या

शिरूरच्या विडी कारखान्यात तपासनीस काही विड्या खराब म्हणून छाटायचा. छाटीची मजुरी नसायची, कंपनी मात्र ती विकायची. १९७४च्या उन्हाळ्यात विड्या वळणाऱ्या बायांनी ठरवलं, छाट आपणच कुस्करायची. पहिली पाळी कुशाबाईची आली. तिनं छाट उचलताच तपासनीस ओरडला, “ठेव! कंपनीचा माल आहे.” “सायेब, खराब म्हनलात, मंग कशापायी पायजे?” तिनं मागं पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. तिनं विड्या चुरडल्या. आरडाओरडा ऐकून आलेल्या मॅनेजरनं तिचं कामाचं कार्ड हिसकावलं; कार्ड नाही तर काम नाही. म्हातारी तानुबाई पुढं झाली. वीस वर्षांत तिची विडी कुणी छाटली नव्हती. विड्यांचं सूप पोटाशी धरून ती बसली. “कुशीचं कार्ड द्या, मंगच माल मिळंल.” मग साऱ्याच आपापली सुपं धरून बसल्या. माल न्यायला आलेला ट्रक दुपारपर्यंत रिकामाच उभा राहिला. मॅनेजरनं कार्ड कुशाबाईपुढं धरलं. तिनं विचारलं, “आन् छाट?” “कुस्करा,” तो पुटपुटला.