कानसेनांचा कान

"आज सूनबाईंनाच ऐकू द्या की," बाई म्हणाल्या, आणि कानसेनांच्या पोटात दुखायला लागलं.

बाईंची गाडी तिसऱ्यांदा आली होती. तक्रार तीच, इथून सर्व्हिसिंग करून नेल्यापासूनची. चालताना मागून घूं असा आवाज येतो, आणि उभी राहील तिथे खाली तेलाचा डाग पडतो. दोन्ही वेळा कानसेनांनी मागच्या एक्सलचं ऑइल सील नवं घातलं होतं. आवाजाबद्दल मात्र म्हणाले होते, "आवाज कुठाय? भास आहे तुमचा." तीस वर्षं नुसत्या आवाजावरून त्यांनी गाड्यांची दुखणी सांगितली होती. 'कानसेन' हे नाव गिऱ्हाइकांनीच दिलेलं. त्यांनी भास म्हटलं की तो भास. पण बाई पडल्या शिक्षिका; उत्तर पटलं नाही की पुन्हा विचारायची जन्माची सवय.

मग सून स्टिअरिंगवर बसली, शेजारी बाई, आणि कानसेन मागच्या सीटवर, बरोबर एक्सलच्या वर. ती जागा त्यांनी मुद्दाम धरली. आवाज तिथे आधी पोचतो, आणि आज तो सुनेला आधी सापडू द्यायचा नव्हता. कालपर्यंत डबा घेऊन येणारी मुलगी. डबा देता देता हातात पाना घेतला काय, आणि आता लोक गॅरेजात शिरले की आधी हिलाच शोधतात. शिवाय हिचं बोलणं असं, की समोरचा माणूस जणू नदीपलीकडे उभा आहे. सासऱ्याशी एवढ्या मोठ्याने कुणी बोलतं का? उद्धट कुठली.

रस्ता मोकळा लागला. वेग साठच्या पुढे गेला तसा सुनेनं ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि मान जराशी तिरकी केली. अगदी कानसेन करायचे तशी. तेही त्यांना टोचलं.

"ऐकलंत, बाबा?" तिनं आरशात बघून विचारलं.

कानसेनांनी डोळे मिटले, श्वास रोखला. गाडी गुपचूप चालली होती. हल्ली सगळ्याच गाड्या गुपचूप चालत. गाड्या सुधारल्या, अशी त्यांची समजूत होती.

"ऐकलं," ते म्हणाले.

"पाय काढला की वाढतो ना?"

"मला शिकवू नकोस."

गॅरेजात गाडी रॅम्पवर चढली. सून खाली शिरली, मागोमाग कानसेनही. दोन चाकांच्या मधला डिफरन्शियलचा गोळा काळाकुळकुळीत चकाकत होता. काम झालं की एक्सलला काळ्या रंगाचे दोन हात, ही कानसेनांची सहीच. सुनेनं गोळ्याच्या माथ्यावर बोट फिरवलं आणि ती थांबली. तिथे बोराएवढी एक टोपी असते, ब्रीदर म्हणतात तिला. गोळा तापला की आतली हवा तिच्यातून बाहेर पडते. टोपीचं भोक रंगानं गच्च बुजलं होतं. वाट बंद झालेली हवा सीलमधून तेल बाहेर ढकलत होती, आणि तेल कमी पडलं म्हणून आतले गिअर घूं करत होते. सीलं कितीही बदलली असती तरी फरक पडणार नव्हता.

कुणाच्या ब्रशनं बुजलं, हे विचारायची गरज नव्हती. आता ही बाहेर जाऊन सांगणार, कानसेनांच्या मनात आलं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होणार. सुनेनं तारेनं रंग खरवडला. दबलेली हवा फुस्स करून सुटली. लांब दारात उभ्या असलेल्या बाई दचकल्या. कानसेनांची पापणीही हलली नाही.

सुनेनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग ती कामाला लागली.

तासाभरात नवं सील बसलं, तेल भरलं, बाई एक फेरी मारून आल्या. आवाज गेला होता.

"काय होतं गं?" त्यांनी विचारलं.

"ब्रीदर चोंदला होता. चिखलानं," सून तिच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली. "मला कुठलं कळायला! बाबांनी धरला आवाज, मागे बसून. त्यांच्यासारखा कान कुणाचा नाही."

"शेवटी कानसेन ते कानसेनच," बाई मनापासून म्हणाल्या.

कानसेन चार पावलांवर फडक्याला हात पुसत होते. त्यांना दिसलं ते एवढंच: बाईंचे ओठ हलले, सून लाजून हसली, आणि बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पुरे झालं तिचं कौतुक!" फडकं आपटून ते ओरडले. "चावी घ्या आणि निघा."

बाईंनी गोंधळून चावी उचलली.

"हो, बाबा," सून म्हणाली, नदीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.