लख्ख दिवा

नवऱ्याची नजर मंदावत चालली, तशी ती प्रवाळांच्या टाकीसाठी नवा दिवा बघायला दुकानात गेली. ती टाकी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. समुद्राच्या पोटातली बाग त्यांनी फांदी फांदी करून घरात वाढवलेली.

"सगळ्यात लख्ख असेल तो द्या."

दुकानदार हसला. "वहिनी, त्याच्याखाली मीसुद्धा भाजून निघेन! नाजूक जात आहे ही. एकदम एवढा उजेड पडला तर रंग टाकतात, पांढरी पडतात. हा मंद निळा न्या. प्रवाळांना मानवतो."

"प्रवाळांना मानवेल हो. पण आमच्या ह्यांना दिसायला नको?"

तिने लख्खच नेला. आणि बघता बघता सगळी बाग हाडासारखी पांढरी पडली. शेवटी एका सकाळी ती धीर करून टाकीपाशी, त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"अहो, एक सांगायचंय. रागावू नका."

"थांब गं, आधी डोळे भरून बघू दे." ते काचेला नाक लावून बसले होते. "काय दिवा निवडलायस! जांभळा बघ कसा उठून दिसतोय. आणि तो कोपऱ्यातला केशरी, अहाहा! हं, बोल आता. काय म्हणत होतीस?"

तिने त्या पांढऱ्याफटक टाकीकडे पाहिलं, मग त्यांच्या हसऱ्या चेहऱ्याकडे.

"काही नाही हो. मला तो केशरीच जास्त आवडतो, एवढंच."