ब्रेकच्या पेट्या

"अकरा दिवस झाले, सोमणसाहेब! अकरा!" अनुराग आगटेने फाईल टेबलावर आपटली.

दिल्ली कस्टम्सच्या विनायक सोमणांनी ती सरळ करून उघडली. पहिल्या कागदावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. "हे लाल काय?"

"कुंकू. आमच्याकडे प्रत्येक कंटेनरचे कागद आधी देवापुढे जातात. बायको पूजा करते, मग माल सुटतो. आजवर कधी अडला नव्हता."

सोमणांनी रुमालाला बोट पुसलं. "पेट्यांवर 'नवे' लिहिलंय. आत वापरलेले ब्रेक निघाले, वरून रंग मारलेले. जुना माल आणायला परवाना लागतो. तो तुमच्याकडे नाही."

"परवाना! सत्त्याण्णव साल उजाडलं, साहेब. सगळा देश खुला झाला म्हणे, आणि तुमचं परवाना-परवाना चालूच! दरवर्षी तुमच्या सरोजिनी नगरच्या गणपतीत भेटतो आपण. आपला माणूस म्हणून आलोय."

"म्हणूनच खुर्ची दिली," सोमण म्हणाले. "हे ब्रेक बसणार कुठे होते?"

"मिनीबसना. शाळांच्या वगैरे. त्यांना स्वस्त पडतात."

सोमणांनी फाईल मिटली. "हा माल जप्त होतोय. आणखी एक कंटेनर असा निघाला, तर यापुढे तुम्हाला टाचणीसुद्धा आयात करता येणार नाही."

अनुरागच्या ओठावर आलेली शिवी तिथेच राहिली. दुसरा कंटेनर सोमवारी लागणार होता. त्यात घातलेला पैसा बुडाला तर धंद्याला टाळंच.

बाहेर क्लिअरिंग एजंट उभा होता. तो अगदी कानाशी आला. "सर, किसी ने चिट्ठी डाली है. चपरासी बता रहा था. मराठी में. पूरा कंटेनर नंबर लिखा है उसमें."

"मराठी में?"

"बिल्कुल. घर का ही कोई है, सर. ऑफिस में देख लो."

गुडगावपर्यंत अनुराग हॉर्नवर हात ठेवूनच आला. ऑफिसात मराठी माणसं दोनच. तो स्वतः आणि साकेत वझे.

"उठ," दार ढकलतच तो म्हणाला.

साकेत उठला. "काय झालं सर?"

"पुण्याहून आलास तेव्हा गॅसचं सिलिंडरसुद्धा आमच्या घरून नेलंस. आणि आता कस्टम्सला पत्रं लिहितोस?"

"मी पत्र लिहिलं नाही."

"मग कोणी? माझ्या फायलींना तुझ्याशिवाय हात कोण लावतं? 'हा माल विकू नका' म्हणून माझ्याच घरी बसून प्रवचन कोणी झोडलं होतं?"

"मीच. पण तुमच्या तोंडावर. मला चिठ्ठीची गरज काय?"

"वा! वर पुन्हा तोंड! टेबल रिकामं कर. गुडगावात तुला कोण नोकरी देतं तेच बघतो."

साकेतने डबा उचलला आणि तो निघून गेला. त्याच्या बायकोला, रसिकाला, सातवा लागला होता. मागच्याच आठवड्यात अनुरागच्या बायकोने, विनयाने, तिला घरी बोलावून तिची ओटी भरली होती. अनुरागला ते आठवलं आणि तो जास्तच चिडला.

घरी पोचला तेव्हा चार वाजले होते. गुरुवार होता. गुरुवारी दिवेलागणीपर्यंत विनयाचं मौन असे. अगदीच काही लागलं तर कागदावर लिहून दाखवी. लग्नाला बारा वर्षं झाली, एक गुरुवार चुकला नव्हता. आताही ती काही न बोलता शाळेतून आलेल्या लेकीच्या, मैत्रेयीच्या, वेण्या सोडत होती.

"बाबा," मैत्रेयी म्हणाली, "आमचे बसवाले अंकल पूछ रहे थे, नवे ब्रेक कधी येणार? रोज विचारतात."

"सोमवारी म्हणावं."

विनयाच्या हातात रिबनची गाठ सुटायच्या ऐवजी आवळली गेली. "आई, दुखतंय!" मैत्रेयी ओरडली.

अनुरागने बॅगेतून सोमवारच्या कंटेनरचे कागद काढून देव्हाऱ्यासमोर टाकले. "यांना तरी नीट कुंकू लाव. मागच्या वेळी काय केलंस देव जाणे! माल जप्त झालाय, कळलं? त्या साकेतने चुगली केली. माझं मीठ खाऊन! दिला हाकलून. आता पोटुशी बायको घेऊन बसू दे फुटपाथवर."

विनयाने मान वर केली. डोळे भरले होते.

"रडतेस काय? नवऱ्याचा धंदा बुडायला आला आणि तुला त्याच्या बायकोचं पडलंय! बोल की काहीतरी! जीभ दिलीय ना देवाने?"

विनयाने खिडकीकडे पाहिलं. बाहेर अजून ऊन होतं. तिने पदराने डोळे पुसले, आतून चहा आणून त्याच्यापुढे ठेवला. मग कोरा कागद घेऊन देव्हाऱ्यासमोर बसली. बराच वेळ लिहीत होती. मधे एकदा मान वर करून तिने देवाकडे पाहिलं, नमस्कार केला आणि पुन्हा लिहू लागली.

आता माफी मागेल साकेतसाठी, अनुरागच्या मनात आलं. मागू दे. आपण ऐकायचं नाही.

तिने कागद त्याच्या कपाशेजारी ठेवला आणि पायात चपला घालून दाराशी उभी राहिली, कागद परत मिळायची वाट बघत. त्याने चहाचा घोट घेतला आणि वाचायला सुरुवात केली.

'॥ श्री ॥

कस्टम्सचे सोमणसाहेब यांस, स. न. वि. वि.

आज देवापुढे आलेल्या कागदांवरचा कंटेनर नंबर मागच्या बाजूस उतरवून दिला आहे. हाही माल तसाच आहे. मागच्या पत्राखाली मी सही केली नव्हती, त्याचा आळ साकेत वझे यांच्यावर आला. म्हणून या वेळी करते.

सौ. विनया अनुराग आगटे'